बिडाचं म्हणून ॲल्युमिनियम गळ्यात मारलं

आधीच सांगते, आमचे मामा म्हणजे माझे सासरे सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, तीस वर्षं साचे करायला होते. बीड म्हणजे ओतीव लोखंड, कास्ट आयर्न, ते कसं असतं हे त्यांना झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगतील. आणि त्याच घरात मी बिडाचं भांडं म्हणून २,४९९ रुपयांना ॲल्युमिनियम घेऊन बसले, मामांना एका शब्दानं न विचारता. लाज वाटत होती म्हणून दोन महिने गप्प बसले, पण परवा माझ्या मावसबहिणीनं साताऱ्याहून तीच जाहिरात पाठवली, "ताई घेऊ का गं" म्हणून. दुकानाचं नाव वेगळं, फोटो तोच.

तर झालं असं की मला गेली काही वर्षं ब्रेडचं वेड लागलंय. आत्या म्हणतात भाकरीच्या घरात हे काय काढलंस, पण खातात सगळेच. तो बाहेरून कडक आतून मऊ ब्रेड असतो ना, तो करायला डच ओव्हन पाहिजे असं जिथं बघावं तिथं सांगतात. नावात ओव्हन असलं तरी ते आहे साधं जाड बिडाचं पातेलं आणि त्यावर तसंच जड झाकण, पिठातली वाफ आत कोंडून राहते, ब्रेड आधी फुगतो आणि झाकण काढलं की मग कवच धरतो. वरून एनॅमल असलं की अजून एक फायदा. आपल्या लोखंडी कढईत चिंच नाहीतर टोमॅटो घातला की रस्सा काळा पडतो, ते होत नाही, कारण एनॅमल म्हणजे मुळात काचच, काचेची पूड लोखंडावर चढवून ८०० अंशाच्या आसपास भट्टीत भाजलेली. म्हणजे ब्रेड होणार, मटण होणार, कृष्णाकाठची भरली वांगी बारीक गॅसवर तासभर ठेवता येणार, मी मनातल्या मनात चार पाहुणे पण जेवायला बोलावून झाले होते.

अभ्यास म्हणाल तर महिनाभर केला. १७०७ साली अब्राहम डार्बी नावाच्या इंग्रजानं रेतीच्या साच्यात बिडाची भांडी ओतायचं पेटंट घेतलं हे मला माहीत, फ्रान्समधली ल क्रूझे १९२५ पासून ही रंगीत भांडी करते हे माहीत, त्यांच्या एका पातेल्याच्या किमतीत आमच्याकडं नवा फ्रिज येतो हे पण माहीत. एवढं सगळं वाचलं आणि खोक्यावरचं स्टिकर तेवढं वाचलं नाही. ते सांगते पुढं.

फोनवर जाहिरात आली, "कारखाना बंद होतोय, शेवटचे ५० नग, १०० टक्के कास्ट आयर्न, २४ सेंटीमीटर, वजन ५ किलो". खाली घड्याळ उलटं पळत होतं, पंधरा मिनिटं राहिली म्हणून. मी कुकर बंद करून येईपर्यंत वेळ संपली असणार म्हणून परत उघडलं तर पुन्हा पंधरापासून सुरू! तिथंच कळायला पाहिजे होतं. पण कॅश ऑन डिलिव्हरी होतं ना, मला वाटलं वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायचेत, फसायचा प्रश्नच कुठं येतो.

प्रश्न येतो. कुरियरवाला पोरगा आमचे विश्रामबागेतले दोन जिने चढून आला, एका हातावर खोकं आणि दुसऱ्या हातानं फोनवर बोलत. धाप नाही काही नाही. म्हटलं उघडून बघते, तर म्हणाला मॅडम पैसे दिल्याशिवाय उघडायला देता येत नाही. त्याचं तरी काय चुकलं, त्याला तसंच सांगितलेलं. दिले पैसे. आता त्या खोक्यावर कुरियरचं स्टिकर असतं बघा, बारकोडचं, त्यावर पत्त्याखाली बारीक अक्षरात वजन छापलेलं असतं. माझ्या खोक्यावर १.९ किलो होतं. पाच किलोचं भांडं १.९ किलोच्या खोक्यात कसं येईल? पण हे मी बघितलं नऊ दिवसांनी, रद्दीतनं खोकं काढून.

दिसायला भांडं झकास होतं. गडद निळं, आत पांढरं. खरं-खोटं ओळखायला चुंबक लावा असं वाचलेलं, म्हणून फ्रिजवरचं चुंबक काढून भांडं पालथं घातलं आणि बुडाला लावलं. चिकटलं. झाली माझी खात्री, आणि मैत्रिणींना फोटो पण गेले.

रविवारी पीठ फुगवून तयार, ओटीजी म्हणजे आमची विजेची भट्टी २३० अंशावर, भांडं आत रिकामंच तापायला ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांत घरभर रंग जळाल्यासारखा वास. उघडून बघते तर झाकणाचा सोनेरी नॉब वाकडा झालेला, तो धातूचा नव्हताच, प्लास्टिकवर सोनेरी रंग. आतला पांढरा थर एका बाजूला तपकिरी होऊन फोड आल्यासारखा वर आलेला. गार झाल्यावर नखानं खरवडलं तर पापडी निघाली. काच नखानं निघते होय?

वासानं मामा उठून आले. भांडं एका हातानं उचललं, बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "हे बीड न्हवं. केवढ्याला घेतलंस?" मी म्हटलं मामा चुंबक चिकटलं की. तर त्यांनी ते चुंबक बुडाला लावलं, चिकटलं, मग बाजूला लावलं, ते घसरून फरशीवर पडलं. इंडक्शनवर चालावं म्हणून ॲल्युमिनियमच्या भांड्याच्या बुडाला लोखंडी चकती बसवतात, माझं चुंबक त्या चकतीला चिकटलेलं. मग खालच्या किराणा दुकानातनं त्यांनी २ किलोचं वजन मागून आणलं, ती जुनी बिडाची वजनं असतात ना, ते माझ्या एका हातात दिलं आणि दुसऱ्या हातात पातेलं. "बघ पोरी, हे मूठभर बीड दोन किलो भरतंय, आन हे एवढं थोरलं पातेलं झाकणासकट तेवढंच." बीड पाण्याच्या सातपट जड आणि ॲल्युमिनियम पावणेतीनपट, हे शाळेत मी पण शिकले असणार, पण हातात धरल्यावर जे कळलं ते वेगळंच. शेवटी कानस आणून कडेवर दोनदा फिरवली, खाली चकचकीत पांढरा किस. बिडाची काळी भुकटी पडते, बोटाला लागते, असं म्हणाले आणि चहा मागितला.

आणि हे पण ध्यानात ठेवा, चुंबक सगळीकडं चिकटलं तरी बीडच असेल असं नाही. पत्र्याच्या भांड्यावर एनॅमल चढवलेलं असतं त्यालाही चुंबक चिकटतंच. शेवटी वजनच बघायचं. नंतर पुण्यात एका दुकानात खरं २४ सेंटीमीटरचं हातात घेतलं, चार किलोच्या वर होतं, झाकणाला पण दुसरा हात लावावा लागला.

आता पैशाचं. त्या दुकानाच्या पानावर फोन नंबर नाही, पत्ता नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, एमआरपी नाही, कुठल्या देशाचा माल ते नाही, आणि हे सगळं छापणं कायद्यानं लागतं. ऑनलाइन विकणाऱ्यांना तर २०२० च्या नियमांप्रमाणे नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणारा अधिकारी दाखवावाच लागतो. मी शहाणीनं काय केलं, इंटरनेटवर शोधून "कस्टमर केअर" म्हणून एक नंबर काढला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की विचारू नका. ताई तुमचा रिफंड मंजूर झालाय, लिंक पाठवतो, फक्त यूपीआय पिन टाका. मी पिन टाकणारच होते, पण नवरा जेवता जेवता ओरडला, "पैसे यायला पिन कशाला लागतोय?" पिन पैसे जातानाच लागतो. फोन ठेवला, नाहीतर २,४९९ चे किती झाले असते कोण जाणे. कुणाचे गेलेच असतील तर थांबू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

भांड्याची तक्रार १९१५ वर केलीय, ग्राहक हेल्पलाइन. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही, पण करायची कुणावर? स्टिकरवर परत पाठवायचा पत्ता आहे तो परराज्यातल्या गोडाऊनचा. तरी स्टिकर, पेमेंटची पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळं एका पिशवीत घालून ठेवलंय. जाहिरातीखाली मी कमेंट पण टाकली होती, दहा मिनिटांत गायब, मी ब्लॉक.

ब्रेड मात्र झाला. मामांनी गणपती पेठेतनं साधा बिडाचा तवा आणि बिडाची कढई आणली, दुकानात दहा मिनिटं उलटसुलट करून बघून. तव्यावर पीठ आणि वर कढई पालथी, वाफ बऱ्यापैकी कोंडते. कड जरा करपली पण आत्यांनी लोण्याबरोबर दोन तुकडे खाल्ले. चिंच-टोमॅटोचं त्यात काही करायचं नाही एवढंच.

ते निळं पातेलं मामांना बुडाला भोकं पाडून पुदिना लावायला पाहिजे, ड्रिल काढून तयार आहेत. मी दिलं नाही. माळ्यावर टाकलंय, पुरावा आहे तो.