बाखचा बी मायनर मास : एक डिस्क, दोन डाउनलोड, अकरा महिने

बाख या जर्मन संगीतकाराचा ‘बी मायनर मास’ (मास म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचे लॅटिन शब्द संगीतात बांधलेली रचना) डिस्कवर घ्यावा की डाउनलोड करून, यावर मी गेल्या वर्षी तीन आठवडे डोकं खाजवलं. आता विचाराल तर तो प्रश्न तिसऱ्या नंबरचा. आधी बघायचं ते गाणारे किती आहेत, आणि मग आपला मोबाइल दोन ट्रॅकच्या मध्ये काय उद्योग करतो.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, नोकरी ऐरोलीत. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ साली बंद झालं, तेव्हापासून उभ्या उभ्या डिस्क चाळायची सोयच गेली. त्यामुळे या रचनेची तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग ऑनलाइन घेतली. कार्ल रिष्टरची १९६१ची, म्युनिकचा भरभक्कम कोरस, ही डिस्कवर. जोशुआ रिफ्किनची १९८२ची, जिच्यात आवाजाच्या एकेका ओळीला एकच गायक, ती डाउनलोड. आणि जॉन एलियट गार्डिनरची २०१५ची, तीही डाउनलोड.

नवख्यांसाठी दोन ओळी. बाखने हे काम एका दमात लिहिलेलं नाही. त्याचे भाग वेगवेगळ्या वेळचे: सांक्तुस १७२४चं, किरिए आणि ग्लोरिया १७३३ साली ड्रेस्डेनच्या दरबाराला पाठवलेले, क्रुसिफिक्सुसचं मूळ तर १७१४च्या एका कांताटात, म्हणजे चर्चसाठीच्या छोट्या गायनरचनेत. हे सगळं उसवून, जोडून १७४८-४९मध्ये त्याने ही गोधडी पूर्ण केली आणि १७५०मध्ये गेला. कोण किती संथ वाजवतो त्यावर पावणेदोन ते सव्वादोन तास लागतात, म्हणजे दोन सीडी.

पहिला धक्का घरातच बसला. बायको पेटी शिकवते. गार्डिनर लावलं होतं, ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, नाव बी मायनर म्हणता ना? मग पांढरी सात हवी. हे काळी पाचमध्ये चाललंय.” पांढरी सात म्हणजे पेटीवरचा ‘बी’, काळी पाच ही तिच्या लगेच खालची पट्टी. मला वाटलं फाइल बिघडली. तानपुऱ्याचं ॲप लावून बघितलं, बाईंचं बरोबर. रिष्टर लावली तर तिचा सूर पांढरी सातला चोख. कारण साधं आहे. गार्डिनरसारखे जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे लोक मधला ‘ए’ ४४० ऐवजी ४१५ कंपनांना लावतात, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर खाली. विकत घेताना हे कुठल्याच साइटवर ठळक लिहिलेलं नव्हतं. सोबत गुणगुणायची सवय असेल तर फरक लगेच कळतो. माझ्या गळ्याला काळी पाच मानवते.

शोधतानाची अडचणही नावाचीच. जर्मन लोक आपल्या पांढरी सातला ‘एच’ म्हणतात आणि काळी पाचला ‘बी’. त्यामुळे जर्मन कंपन्यांच्या डिस्कवर ‘हा-मोल’ (म्हणजे एच मायनर) असतं, आणि नुसतं ‘बी मायनर’ टाकून शोधलं तर निम्म्या गोष्टी समोरच येत नाहीत. बीडब्ल्यूव्ही २३२ हा बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक टाका, काम होतं.

आता क्रुसिफिक्सुस, म्हणजे येशू क्रुसावर मरतो तो भाग. खालच्या स्वरांत चार मात्रांची नाही, चार बारची (बार म्हणजे मात्रांचा एक गट) एक ओळ पायरी पायरीने उतरते आणि तेरा आवर्तनं होतात. बारा आवर्तनं ती ई मायनरलाच परत येते. तेराव्याला सगळे आवाज खाली, अगदी हळू, आणि अनपेक्षितपणे जी मेजरमध्ये टेकतात. क्षणभर शांतता. मग एत रेसुर्रेक्सित, म्हणजे ‘आणि तो पुन्हा उठला’, तुताऱ्या, नगारे, सगळं एकदम. रिफ्किनकडे इथे चारच गळे आहेत, आणि शेवटच्या आवर्तनात प्रत्येकाचा श्वास वेगळा ऐकू येतो. रिष्टरकडे तीच जागा धुक्यासारखी पसरते. मला रिफ्किन आवडते. मित्र मला वेड्यात काढतात.

पण पहिले दोन महिने मला ही जागा कळलीच नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये ‘आवाज समान ठेवा’ हे बटण चालू होतं. ॲप काय करत होतं, तर हळू ट्रॅक चढवून आणि मोठा ट्रॅक दाबून दोन्ही एका पातळीला आणत होतं. मेलेला माणूस आणि उठलेला माणूस एकाच आवाजात! बंद करा ते, किंवा ‘अल्बमनुसार’ असा पर्याय असेल तर तो निवडा.

दुसरी खोड दोन ट्रॅकच्या सांध्याची. क्वोनियम हा भाग संपता संपता कुम सांक्तो स्पिरितू हा पुढचा सुरू होतो, मध्ये श्वासाचीही जागा नाही. कोन्फितेओरमधून एत एक्स्पेक्तोमध्ये जातानाही तसंच. एमपी३ बनवताना फाइलच्या टोकांना किंचित शांतता चिकटते. प्लेअरने ती कापली नाही तर नेमक्या त्या उडीला ठेच लागते. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलमध्ये, ही भानगड नाही, पण प्लेअर तरीही बिनखंडाचा हवा. मी फुकट मिळालेले नमुने आधी एमपी३मध्ये ऐकले आणि बाखवर चिडलो, हे कबूल.

एका डाउनलोडमध्ये डिस्कचा क्रमांकच टाकलेला नव्हता. फोनने दोन्ही डिस्कचे पहिले ट्रॅक एकापाठोपाठ लावले, मग दोन्हीचे दुसरे. पहिल्या डिस्कचं किरिए संपलं की थेट दुसऱ्या डिस्कचं क्रेडो. ट्रेनमध्ये दिघा गाव स्टेशन येईपर्यंत मी ते नवीन काहीतरी समजून ऐकत होतो. दुकानाला ईमेल केली, उत्तर आलं नाही. शेवटी रविवारी बसून टॅग हाताने दुरुस्त केले.

जास्त बारकाव्याची म्हणून विकतात ती २४ बिटची फाइल? गार्डिनर तशी घेतली, सुमारे दोन जीबी. सीडीच्या दर्जाची १६ बिटची अर्ध्या जीबीच्या आसपास बसते. बायकोने न सांगता बदलून बदलून लावली, मी दहापैकी पाच वेळा बरोबर ओळखली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. आणि ट्रेनमध्ये कोन्फितेओरच्या शेवटचा तो संथ, अंधारा भाग दाराजवळच्या गर्दीत तसाही बुडतो.

पैसे भरताना कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात, आणि बँक वर थोडं कापते, ते धरून हिशोब करा.

डिस्कचं पार्सल फुटक्या डबीसकट आलं; मधले दात तुटून डबीत खुळखुळत होते. डिस्क मात्र वाचली. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, म्हणून यूएसबीचा वेगळा घ्यावा लागला. पावसाळ्यात पुस्तिकेची पानं चिकटली. तरीही सर्वांत जास्त हाताळलं ते तेच पुस्तक, कारण लॅटिन शब्द शेजारी अर्थासह छापलेले आहेत, आणि डाउनलोडबरोबर मिळालेली पीडीएफ फोनवर वाचताना डोळे फुटतात.

आणि डिस्क उसनी देता येते. रिष्टर आत्ता घरी नाही. वसंत विहारचा मित्र दिवाळीत ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून घेऊन गेलाय.