ट्रायकेअर विम्यावर बाळंतपण : नर्स-मिडवाइफ की डूला?

नवरा अमेरिकी सैन्यात असलेल्या माझ्या भाचीला प्रश्न पडला आहे, की ट्रायकेअर या लष्करी विम्यावर नर्स-मिडवाइफ (प्रसूती करणारी प्रशिक्षित परिचारिका) निवडावी की डूला (बाळंतपणात सोबत करणारी मदतनीस).

काम पाहिले तर दोघींची तुलना पुरती होतच नाही. मिडवाइफ गर्भाचे ठोके तपासते, प्रसूती करते आणि गरज पडल्यास टाके घालते. डूला वैद्यकीय उपचार करत नाही, पण कळा सुरू असताना कंबर दाबून देते, कूस बदलायला सुचवते आणि बाळंतिणीजवळून हलत नाही. नवरा मोहिमेवर दूर असेल, तर ही सोबत लाखमोलाची ठरते.

विम्याच्या दृष्टीने मिडवाइफ अधिक भरवशाची आहे. प्रमाणित नर्स-मिडवाइफची सेवा ट्रायकेअरच्या नेहमीच्या प्रसूतिलाभात येते. मात्र नर्सिंगची पदवी नसलेल्या मिडवाइफचा खर्च मिळत नाही, म्हणून तिची पात्रता आधीच विचारून घ्यावी. डूलाचा खर्च १ जानेवारी २०२२ पासून केवळ प्रायोगिक योजनेतून मिळतो आणि या योजनेची ठरलेली मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे. त्यासाठी डूला प्रमाणित हवी, गर्भ किमान वीस आठवड्यांचा हवा आणि प्रसूती लष्करी रुग्णालयाबाहेर व्हायला हवी. ही शेवटची अट मला अन्यायकारक वाटते, कारण छावणीतल्या अनेक जणी तिथेच बाळंत होतात.

गर्भारपण निर्धोक असून कमीत कमी हस्तक्षेप हवा असेल, तर नर्स-मिडवाइफ निवडावी. जोखमीमुळे खासगी रुग्णालयात डॉक्टरच हवा असेल आणि घरचे कोणी जवळ नसेल, तर सोबतीला डूला घ्यावी.