क्विक-स्टॉप, आठचा आकडा की लाइफस्लिंग?

शिडाच्या यॉटवरून कुणी पाण्यात पडलं तर कोणती पद्धत वापरायची, हे मी एकाच प्रश्नावरून ठरवतो: बोटीवर मागे किती जण उरले?

६ नॉटने चाललेली बोट मिनिटाला साधारण १८५ मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरावरून लाटांत नुसतं डोकं सापडणं फार कठीण. क्विक-स्टॉपमध्ये हे अंतर वाढूच देत नाहीत. माणूस पडताक्षणी नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्यात घालून टॅक करायचं, म्हणजे टोक वाऱ्यातून पलीकडे वळवायचं, पण जिब (पुढचं शीड) सोडायची नाही. ती उलटी भरते आणि बोटीचा वेग मारते. मग जिब उतरवून माणसाभोवती वळसा घालायचा. या वळशात जाइब करावी लागते, म्हणजे बोटीचं मागचं टोक वाऱ्यातून पलीकडे वळवावं लागतं; चौघं कामाला असतील तर जमतं.

आठच्या आकड्यात जाइब टळते. वारा आडवा घेत काही बोटलांब्या पुढे जायचं, टॅक करून परतायचं आणि शेवटी शिडं सैल सोडून वेग कमी करत माणसाजवळ थांबायचं. नवख्यांसाठी ही पद्धत सोपी, पण माणूस थोडा वेळ दूर राहतो. बोटाने सतत त्याच्याकडे दाखवणारा एक जण मोकळा नसेल तर मी ती टाळेन.

बोटीवर दोघंच असाल तर मात्र लाइफस्लिंगच घ्या. सुमारे ४५ मीटरच्या तरंगत्या दोराला बांधलेला हा पट्टा मागे ओढत माणसाभोवती फेऱ्या मारल्या, की दोर आपोआप त्याच्या हाताशी येतो. अचूक जाऊन थांबण्याची कसरत उरत नाही. तो बेशुद्ध असेल तर मात्र पट्टा अंगात घालणार कोण? आणि इंजिन सुरू करण्याआधी पाण्यातले सगळे दोर पाहा. इंजिनाच्या पंख्यात दोर अडकला तर सगळंच थांबतं.

खरी झुंज यापुढे सुरू होते. ओलाचिंब माणूस एकट्याच्या हातांनी कठड्यावरून वर येत नाही. हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) आणि विंच (दोर ओढायची चरखी), नाहीतर निदान चारपट जोर देणारी कप्प्यांची जोडणी आधीच तयार हवी. लाटांत आपटणाऱ्या बोटीच्या मागच्या टोकाखाली त्याला नेऊ नका, बाजूनेच घ्या. थंड पाण्यात बराच वेळ राहिलेल्याला शक्यतो आडवा उचला, उभा उचलला तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

सरावात सगळे फेंडर (बोटीच्या कडेला धक्का झेलणारी उशी) पाण्यात टाकतात आणि लांब दांड्याच्या आकडीने तो चटकन उचलतात. त्यावर समाधान मानू नका. शांत पाण्यात, नांगर टाकून, लाइफजॅकेट घातलेल्या माणसालाच वर घेऊन बघा. आणि हे काम दोघांमधल्या कमी ताकदीच्या माणसाला करू द्या.