सर्क्युलर ५७० : यादीत नाव सापडलं म्हणजे काम झालं असं नाही

अमेरिकेत फेडरल सरकारची बांधकामं घेणाऱ्या कंपनीत बाँडचे, म्हणजे कामाच्या हमीपत्रांचे, कागद माझ्या टेबलावर असतात, त्यामुळे ट्रेझरीची (तिथल्या अर्थखात्याची) ही यादी सारखी उघडावी लागते. ज्यांचे बाँड फेडरल सरकार स्वीकारतं त्या शुअरिटी, म्हणजे हमी देणाऱ्या विमा कंपन्या, यात असतात. फुकट आहे, लॉगिन नाही, ४ स्टार.

बहुतेक लोक काय करतात, शुअरिटी कंपनीचं नाव दिसलं की खिडकी बंद. अहो खरा माल पुढेच आहे! प्रत्येक नावाखाली अंडररायटिंग लिमिट दिलेलं असतं, म्हणजे एका बाँडमागे कंपनी किती रकमेपर्यंत जाऊ शकते ते, आणि हा आकडा हवेतून येत नाही, भरणा झालेलं भांडवल आणि सरप्लस (देणी वजा जाता वर उरलेली शिल्लक) यांच्या बेरजेच्या १० टक्के. त्यासाठी कंपनीला जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असं दर तिमाहीला मालमत्ता आणि देण्यांचं स्टेटमेंट ट्रेझरीला द्यावं लागतं, वर प्रेसिडेंट आणि सेक्रेटरीची शपथेवर सही. आणि विमा कंपन्यांचा हिशोब कडक असतो बरं का, ऑफिसातलं फर्निचर किंवा ९० दिवसांच्या वर थकलेला प्रीमियम त्यात मालमत्ता म्हणून धरतच नाहीत. म्हणून चकाचक ब्रोशरपेक्षा माझा या एका आकड्यावर जास्त भरवसा.

मागे आमच्या एजंटने (नाव नको) ६० लाख डॉलरचा परफॉर्मन्स बाँड (काम करारानुसार पुरं होईल याची हमी) पाठवला, म्हणे कंपनी यादीत आहे, डोळे झाकून द्या. बघितलं तर लिमिट ४२ लाख! वरच्या रकमेचा रीइन्शुरन्स, म्हणजे ती जोखीम दुसऱ्या विमा कंपनीने उचलल्याचा करार, असेल तर चालतं, पण मिलर ॲक्टच्या (फेडरल बांधकामांना बाँड सक्तीचा करणारा कायदा) बाँडला तो करार ठरलेल्या फॉर्मवर बाँडसोबत किंवा ४५ दिवसांत द्यावा लागतो, आणि साहेबांनी फॉर्मचं नावही काढलं नव्हतं. दोन दिवस नुसते फोन.

कंपनीला कुठल्या राज्यांत लायसन्स आहे त्याची यादीही तिथेच आहे. बाँडवर सही ज्या राज्यात होते तिथलं लायसन्स लागतं, काम कुठे चाललंय त्याच्याशी संबंध नाही, हे मला फार उशिरा कळलं.

एक स्टार कापला तो नावांच्या गोंधळासाठी. ट्रॅव्हलर्स कॅज्युअल्टी अँड शुअरिटी कंपनी वेगळी आणि त्याच नावापुढे ऑफ अमेरिका लागलेली वेगळी, दोघींची लिमिटं पण वेगळी. हल्ली मी बाँडवरचं नाव बोट ठेवून वाचते, शाळेतल्यासारखं.