केळवे रोडचे स्वस्त घर आणि गेलेले 4,11,000 रुपये

विरारला अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून रोज अंधेरीपर्यंत लोकलने धक्के खाणाऱ्या माणसाला 23,50,000 रुपयांत वन बीएचके मिळतो असे कळल्यावर तो पाहायला जातोच, तसे आम्हीही गेलो. जागा पालघर जिल्ह्यातल्या केळवे रोड स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर होती. 51,000 रुपये धनादेशाने दिले. मग ‘स्लॅब पडला की रेट वाढणार’ या घाईपोटी 2,00,000 रुपये बँकेतून आणि 1,60,000 रोख भरले. त्यात गुहागरच्या आंब्याचे पैसे होते आणि पत्नीच्या गहाण दागिन्यांचेही.

कळायला हवे होते ते माहितीपत्रकावरच्या क्यूआर कोडपाशी. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत तो बंधनकारक आहे आणि स्कॅन केल्यावर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरील प्रकल्पाचा तपशील उघडला पाहिजे. आमच्या मोबाइलवर उघडले ते एजंटाचे व्हॉट्सअ‍ॅप! ‘इथे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, साहेब,’ असे म्हणून त्याने चहा मागवला. नोंदणी क्रमांकही पी-520 ने सुरू होणारा, म्हणजे रायगडचा होता. पालघरचे तेव्हा पी-990 ने सुरू होत. हे नोकरदार माणसाला कोण शिकवते? शेजारच्या टेबलावर कर्जवाला आमच्या पगाराच्या स्लिपा तपासत बसला असताना शंका घ्यायची तरी कोणावर?

नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम 13 ने मनाई आहे. आमच्या बाबतीत ही मर्यादा 2,35,000 होती. रोख तर मुळीच देऊ नका.

फसवणूक कळल्यावर तक्रारीला गेलो, तर पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून वाटेला लावले, दुसऱ्या कार्यालयात ‘प्रकल्पाची नोंदच नाही, पोलिसांकडे जा’ असे सांगितले आणि महसूलवाल्यांनी सातबारा मूळ शेतकऱ्याच्या नावावर असल्याचे ऐकवून हात झटकले. करारनाम्याविना आगाऊ रक्कम घेण्याबद्दल 1963 च्या मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्यात शिक्षा आहे, त्याची प्रत मी पोलीस ठाण्यातल्या अंमलदारापुढे ठेवली; त्यांनी ती न वाचताच आवक शिक्का मारला. फसवणारा निदान गोड तरी बोलत होता. गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

डिजिटल सातबारा 15 रुपयांत मिळतो, तो पैसे देण्याआधी काढा. त्याच जागेवर आता नव्या नावाने बुकिंग सुरू आहे आणि माहितीपत्रकाचा रंग तेवढा बदलला आहे.