बर्कलीचे ऑनलाइन संगीतवर्ग : ध्वनिमुद्रण शिकण्यासाठी घ्यावेत

लॉरेन्स बर्क यांनी १९४५ साली बॉस्टनमध्ये सुरू केलेली आणि आज बर्कली कॉलेज ऑफ म्युझिक या नावाने ओळखली जाणारी संस्था मुख्यतः जॅझ आणि समकालीन लोकप्रिय संगीताच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. तिने २०१४ मध्ये ए. आर. रहमान यांना मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा आपल्याकडेही तिची बरीच चर्चा झाली होती. तिथे राहून पदवी घेण्याचा खर्च बहुतेक मराठी कुटुंबांना पेलणारा नाही. मात्र तिथल्याच प्राध्यापकांचे काही छोटे अभ्यासक्रम कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांपैकी जॉर्ज डब्ल्यू. रसेल यांचा संगीतशास्त्राचा, लाउडन स्टर्न्स यांचा ध्वनिमुद्रण-तंत्राचा आणि स्टीफन वेबर यांचा ध्वनिमुद्रणाच्या कलेचा, असे तीन मी पाहिले. हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या माणसाला त्यांतून काय मिळते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

तिन्हींत सरस अभ्यासक्रम स्टर्न्स यांचा. कुठले बटण दाबावे हे सांगण्याआधी ते ध्वनी म्हणजे काय हे सांगतात, आणि मग माइक, केबल, प्रीअँप (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण), इंटरफेस (तो संकेत संगणकाला समजेल अशा आकड्यांत बदलणारे उपकरण), संगणक या मार्गाने तो कसा प्रवास करतो हे क्रमाने उलगडतात. घरी मुद्रण करणारे अनेक जण कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच मिळणारा वीजपुरवठा, लागतो, किंवा दिशादर्शी माइकच्या फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो, या गोष्टी चाचपडत शिकलेले असतात. त्यांची कारणे समजली की पुष्कळ धडपड वाचते. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबलच्या वर जागाच नसते, त्यामुळे पातळी आधीच खाली ठेवावी लागते, हा मुद्दा तर ख्यालगायकांनी पाठच करावा. मंद्रातल्या आलापावर गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, बसवला की तार सप्तकातली पहिलीच तान फाटते आणि ती नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. पातळी सर्वांत जोरकस तानेवर ठरवावी. २४ बिटमध्ये मुद्रण करत असल्यास हळू आलापाची काळजी करण्याचे कारण उरत नाही.

कॉम्प्रेसरचे, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाचे, प्रकरणही असेच उपयोगी आहे. थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीपासून दाबायचे), रेशो (किती दाबायचे), अटॅक (दाबायला किती वेळात लागायचे) आणि रिलीज (किती वेळात सोडायचे) या चार गोष्टी नीट कळल्या की तबल्याचे मुद्रण मऊ का वाटते याचे उत्तर मिळते. अटॅक फार कमी ठेवला, तर किनारीवरच्या ‘ना’ची सुरुवातीची धारच कापली जाते. तबल्याचे हे उदाहरण अर्थात माझे आहे. अभ्यासक्रमातील विचार क्लिक (लयीचा यांत्रिक ठोका) आणि बार (ठरावीक मात्रांचे समान खंड) यांच्या चौकटीत चालतो, आणि विलंबित एकतालातली बढत त्या चौकटीत बसवू गेल्यास गाणे मरते. सॉफ्टवेअरमधील ग्रिड, म्हणजे या समान खंडांच्या रेषा, सरळ बंद करून काम करावे. शेवटचा भाग सिंथेसायझरचा आहे; तो चाळला तरी पुरे, पण स्वराच्या आत किती उपस्वर दडलेले असतात हे तिथे पाहिल्यावर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजारव, वेगळ्या कानाने ऐकू येते.

रसेल यांचा अभ्यासक्रम प्राथमिक पातळीचा आहे. शिकवण्यात जिव्हाळा आहे आणि मेजर स्केल, स्वरांतरे, कॉर्ड (एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह) ही मांडणी स्वच्छ आहे. बिलावल थाट ज्याच्या गळ्यात आहे त्याला स्केलमध्ये नवे काही सापडणार नाही. कॉर्ड मात्र त्याच्यासाठी खरोखरच नवा प्रांत आहे. चित्रपटगीताच्या वाद्यमेळात सुरावटीखाली काय चालले आहे हे समजून घ्यायचे असेल, तर एवढ्या पायावर सुरुवात करता येते. एक सावधगिरी बाळगावी. हे शिक्षण पियानोवर उभे आहे, आणि पियानोचा मेजर थर्ड, म्हणजे आपला शुद्ध गांधार, षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), तर तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार सुमारे ३८६ सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक कानाला चांगलाच कळतो. पंचमात तो फक्त दोन सेंटचा असल्यामुळे तिथे अडचण येत नाही. कॉर्ड जरूर शिकाव्यात, पण गांधाराचा कान या धड्यांवर तयार करू नये. हार्मोनियमच्या साथीबद्दलचा जुना वाद ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

वेबर यांचा भर उपकरणांपेक्षा ऐकणाऱ्याच्या मनावर होणाऱ्या परिणामावर आहे. नुसत्या फोनवर मुद्रण करणाऱ्यालाही ते आपल्या वर्गात बसवून घेतात. हा वर्ग आधी घेतला जातो, परंतु स्टर्न्स यांच्यानंतर तो पाहिल्यास अधिक पचतो असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष गायन-वादनाच्या बाबतीत मात्र ही व्यवस्था तोकडी पडते. अशा वर्गांत स्वाध्याय बहुधा सहाध्यायीच तपासतात, आणि तपासणारा स्वतःही नवशिका असतो. शिकलेला विषय दुसऱ्याला समजावून सांगण्यासारख्या कामात ही पद्धत चांगली चालते, कारण समजावताना आपल्यालाच तो पक्का होतो. स्वर कुठे लागला, मींड कुठे तुटली, समेवर येताना घाई कुठे झाली, हे मात्र समोर बसलेले गुरूच सांगू शकतात. विशारदच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्याने रियाजाचे तास या धड्यांना देऊ नयेत. परीक्षा झाल्यावर सुट्टीत पाहावेत.

प्रमाणपत्रासाठी शुल्क द्यावे लागते आणि नुसते धडे विनामूल्य पाहण्याची सोय वेळोवेळी बदलते, त्यामुळे नाव नोंदवण्यापूर्वी त्या दिवशीच्या अटी वाचून घ्याव्यात. ते प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हे बारावीनंतर संगीताकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे. शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे, पण संथ आणि स्पष्ट. महागडे सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई करू नये; मॅक असल्यास गॅरेजबँड आणि अन्य संगणकावर ऑडॅसिटी विनामूल्य मिळते, आणि स्टर्न्स यांच्या वर्गातील बहुतेक गोष्टी त्यांवर करून पाहता येतात.