थरथरणारे इंजिन, मिटणारे मीटर आणि वडाळ्यातला एक गाळा

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास गाड्यांच्या वायरिंगची कामे करणारे अनेक गाळे आहेत. त्यांपैकी एका गाळ्यात गेल्या महिन्यात आमच्या गाडीचे जे काम झाले, त्याविषयी हे लिहीत आहे. आधीच गर्दी आवरत नाही, तेव्हा नाव छापू नका, असे गाळ्याच्या मालकाने बजावले असल्यामुळे त्यांना नुसते मिस्त्री म्हणतो. ज्या अधिकृत सेवा केंद्रात गाडी आधी दोनदा जाऊन आली, त्याचेही नाव देत नाही, कारण माझी तक्रार तिथल्या पद्धतीविषयी आहे आणि ती पद्धत काही एकाच कंपनीची मक्तेदारी नाही.

गाडी चौदा फुटी बंद बॉडीची, चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची, बारा व्होल्टची. घेऊन सात महिने झालेले आणि १९ हजार किलोमीटरही न भरलेले. भिवंडीच्या गोदामातून औषधांची खोकी मुंबईतल्या घाऊक व्यापाऱ्यांकडे पोहोचवायची, हे तिचे रोजचे काम. पहिल्या पावसानंतर इंजिन मध्येच थरथरू लागले. सुरुवातीला ते फक्त सिग्नलला उभे असताना जाणवे. मग पूर्व द्रुतगती मार्गावर चढाला तिसऱ्या गिअरमध्येही झटके बसू लागले. त्यातच डॅशबोर्डवरच्या मीटरचे काटे एकाएकी शून्यावर यायचे, सगळे इशाऱ्याचे दिवे एकदम पेटायचे, आणि दोन-तीन सेकंदांनी जणू काही घडलेच नाही अशा थाटात सारे पूर्ववत व्हायचे. दोनदा गाडीने स्वतःहून ताकद कमी करून घेतली आणि शीवच्या पुलावर आमच्यामागे शंभर हॉर्न वाजले.

सेवा केंद्राने गाडीला तिच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला आणि नऊ दोष-कोडांचा छापील कागद हाती दिला. रेल प्रेशरचा, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा एक, ॲक्सिलरेटर पेडलचा एक, एबीएस या ब्रेक-यंत्रणेचे दोन, मीटरशी संपर्क तुटल्याचे तीन, शिवाय कमी व्होल्टेजचे दोन. पहिल्या भेटीत डिझेल फिल्टर बदलला, टाकी साफ केली आणि संगणकाचे सॉफ्टवेअर नवे भरले. दहा दिवसांत थरथर परत आली. दुसऱ्या भेटीत धुराच्या नळीतल्या गाळणीत साचलेली काजळी यंत्राने जाळून काढली आणि इंजिनात डिझेल फवारणारी चारही नोजल बदलण्याचे ९२ हजारांचे अंदाजपत्रक पुढे केले. हे वॉरंटीत बसणार नाही, डिझेलमध्ये भेसळ असावी, असेही सांगितले. मी पुरावा मागितला, तेव्हा रेल प्रेशरच्या कोडावर बोट ठेवण्यात आले. ज्या पंपावर आम्ही वर्षानुवर्षे डिझेल भरतो, तिथेच आमची जुनी गाडीही भरते आणि ती बिनतक्रार धावते, या माझ्या म्हणण्यावर कोणी काही बोलले नाही.

ही दमछाक समजून घ्यायची तर आजच्या गाड्यांची रचना थोडी लक्षात घ्यावी लागते. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-सहा हे मानक आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाला, तेव्हापासून या वर्गातल्या डिझेल गाडीचे इंजिन संगणकाच्या हुकमाशिवाय श्वासही घेत नाही. डिझेल दीड हजार बारच्याही वर दाबाखाली एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठते आणि कोणते नोजल कधी, किती क्षण उघडायचे, हे संगणक ठरवतो. तो ठरवतो ते सेन्सरांनी पाठवलेल्या पाच व्होल्टच्या आतल्या संदेशांवरून. त्यामुळे संदेश खोटा असेल, तर धडधाकट इंजिनही आजारी माणसासारखे वागते. जुन्या गाडीत झटके बसले की डिझेल किंवा हवा यांचाच दोष, हे गृहीत बव्हंशी खरे ठरे. नव्या गाडीत ते धरून चालत नाही.

मिस्त्रींकडे मी तो नऊ कोडांचा कागद घेऊन गेलो. त्यांनी तो वाचला, घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवला आणि म्हणाले, “साहेब, कोड सगळेच रडतायत. पहिला कोण रडला ते शोधायला लागेल.” मग माझ्याकडे पाठ फिरवून त्यांनी आमच्या चालकमामांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. थरथर गार इंजिनाला जास्त की गरम? क्लच दाबला की थांबते का? पावसात वाढते का? हेडलाइट लावल्यावर फरक पडतो का? या शेवटच्या प्रश्नावर मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “दादा, हे मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. लाइट आणि ब्लोअर लावला की गाडी अंगात आल्यासारखी करते.” सांगितले होते खरे. मी ते कानाआड केले होते आणि सेवा केंद्राच्या स्वागतकक्षात तर मामांना कोणी आतही घेतले नव्हते.

आधी नोजलांचा निकाल लागला, कारण ९२ हजारांचा प्रश्न होता. प्रत्येक नोजलातून वापरात न आलेले थोडे डिझेल परतीच्या बारीक नळीने टाकीकडे जाते. नोजल झिजलेले असेल तर हे परतीचे डिझेल वाढते आणि रेलमधला दाब टिकत नाही. मिस्त्रींनी चारही परतीच्या नळ्या सोडवल्या आणि खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या सारख्या बाटल्या तारेने इंजिनावर टांगून त्यांत सोडल्या. गाडी दहा मिनिटे चालू ठेवली. चारही बाटल्यांतली पातळी जवळपास एकाच रेषेत होती. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट भरली असती, तर त्या नोजलावर संशय घेता आला असता. औषधांची वाहतूक करणाऱ्याच्या गाडीची तपासणी औषधाच्या बाटल्यांनी झाली, याची मला गंमत वाटली. मिस्त्रींना वाटली नसावी, ते पुढच्या कामाला लागले होते.

त्यानंतर जे घडले ते पाहण्यासाठी मी पुन्हा अर्धा दिवस खर्च करीन. गाडी चालू, हेडलाइट आणि ब्लोअर सुरू, इंजिन चांगलेच थरथरत असताना मिस्त्रींनी व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवले. बॅटरीची ऋण बाजू, चेसिस म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा आणि इंजिन हे तिन्ही एकमेकांना जाड केबलने जोडलेले असतात, त्यामुळे या दोन जागांमध्ये व्होल्टेजचा फरक जवळपास नसायला हवा, ०.२ व्होल्टच्या वर गेला तर जोडणीत खोट आहे असे समजतात. इथे काटा ०.७ वर होता. सेल्फ मारताना तो २.६ पर्यंत गेला. याचा अर्थ इंजिनाची अर्थिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बॉडी अर्थ, अडखळत होती.

सेवा केंद्राच्या जॉब कार्डावर “अर्थिंग तपासली, ठीक” असा शेरा होता आणि तो खोटाही म्हणता येणार नाही, हा या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग आहे. त्यांनी गाडी बंद असताना मल्टिमीटरने टुं असा आवाज येतो का, एवढेच पाहिले असणार. मिस्त्रींच्या अंदाजाप्रमाणे दिवे आणि ब्लोअर चालू असताना त्या जोडातून सुमारे ५० अँपिअर वाहत होते, ०.७ व्होल्टला ५० ने भागले तर अडथळा निघतो ०.०१४ ओहम. एवढासा अडथळा साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या दोन वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. बंद गाडीत जोड निर्दोष ठरतो. भार पडला की मगच तो उघडा पडतो, आणि सेल्फच्या पावणेदोनशे-दोनशे अँपिअरला तोच जोड अडीच व्होल्ट खातो.

मग मिस्त्रींनी जंपर केबलचा एक चिमटा इंजिनाला आणि दुसरा थेट बॅटरीच्या ऋण खांबाला लावला. थरथर बसली. चिमटा काढला, थरथर आली. पुन्हा लावला, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा त्यांनी चिमटा मामांच्या हाती दिला आणि स्वतः चहा प्यायला गेले.

अर्थिंगच्या जोडातला दोष इंजिनाला का हलवतो, हे मला त्यांनी चहा पिता पिताच समजावले. परतीचा हमरस्ता चिंचोळा झाला की विद्युतप्रवाह गल्लीबोळ शोधतो. सेन्सरांच्या बारीक ऋण वायरी, गिअरची केबल, जिथून वाट मिळेल तिथून तो जातो. त्यामुळे ज्या शून्यापासून संगणक प्रत्येक सेन्सर मोजतो, ते शून्यच वरखाली होऊ लागते. रेलमधला दाब स्थिर असतानाही संगणकाला तो घटलेला दिसतो, तो डिझेल वाढवतो, पुढच्या क्षणी दाब वाढलेला दिसतो, तो कमी करतो. ही जी ओढाताण चालते तिलाच आपण थरथर म्हणत होतो. पेडलमध्ये दोन स्वतंत्र संदेश असतात आणि संगणक ते एकमेकांशी ताडून पाहतो. दोहोंचा मेळ बसला नाही की सुरक्षिततेसाठी ताकद कमी करतो. शीवच्या पुलावर झाले ते हेच.

दोष सापडला तो चेसिसवरच्या एका बोल्टखाली. गाडी आपण बहुधा कंपनीकडून चेसिस आणि केबिन अशी घेतो आणि बॉडी वेगळ्या कारखान्यात बांधून घेतो. तिथल्या कामगारांनी बॉडीची एक पट्टी बसवताना इंजिनाच्या अर्थिंगचा बोल्ट सोडला, पट्टी मध्ये सरकवली, वरून काळा रंग मारला आणि रंगावरच बोल्ट आवळला. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा संपर्क होत होता तेवढ्यावर गाडीने हिवाळा-उन्हाळा काढला. पावसाळ्यात खारी दमट हवा आणि गांधी मार्केटसमोर साचलेले पाणी यांनी त्या आट्यांना गंज धरला. मिस्त्रींनी पट्टी बाजूला करून रंग पॉलिश पेपरने पांढरा धातू दिसेपर्यंत घासला, तांब्याची नवी जाड वेणी दातेरी वायसर घालून आवळली आणि आवळून झाल्यावर मगच वर ग्रीस फासले. आधी फासले तर ते जोडातच शिरून बसते, असे ते म्हणाले. आता बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिन यांच्यातला फरक आला ०.०४ व्होल्ट. बॉडी बांधताना वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवली होती का, असेही त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. नवी चेसिस कारखान्यात सोडताना हे लेखी घ्यायला हवे, एवढे मात्र आता कळते.

मीटर मिटण्याचे कारण मात्र वेगळे निघाले आणि मिस्त्रींनी ते गृहीत न धरता वेगळे शोधले, हे मला विशेष वाटले. गाडीतले संगणक दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात. या जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो आणि ते दोन्ही समांतर जोडलेले असतात, म्हणून बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटच्या सहा आणि चौदा क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजले तर ६० ओहम यायला हवेत. आलेही ६०. मिस्त्रींनी मल्टिमीटर तसाच जोडून ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डॅशबोर्डवर टकटक केली. ६० चे १२० झाले, परत ६०, परत १२०. आमच्या गाडीत एक रोधक काट्यांच्या मीटरच्या आत आहे आणि त्याचा सॉकेट अर्धवट बसलेला होता. जीपीएस लावणाऱ्या मुलाने मीटर काढून मागची वायर घेतली होती. घाईत सॉकेटचे कुलूप टक् असे बसले नाही. खड्ड्यात गाडी आदळली की मीटर मरायचे. मुंबईच्या रस्त्यांवर आणखी काय होणार होते? जीपीएसचा नुसता पिळून टेप मारलेला जोडही त्यांनी कापून सोल्डर करून दिला.

सकाळी आठला गेलेली गाडी दोनला बाहेर आली. शोधण्याचे दीड हजार त्यांनी वेगळे लावले आणि तसे आधीच सांगितले होते. वेणी, सोल्डरिंग, मजुरी धरून एकूण ३,९०० रुपये झाले. उणिवाही आहेत. वेळ ठरवून घेण्याची सोय नाही, आम्ही दोनदा नुसते परत आलो. जीएसटीचे बिल मागितल्यावर मिळाले, तेही तिसऱ्या दिवशी. गाडी रस्त्यावरच उभी करावी लागते, त्यामुळे गर्दीच्या वेळेतली प्रवेशबंदी सांभाळून पहाटेच पोहोचावे. आणि चालकाला सोबत न नेता नुसती गाडी पाठवाल, तर मिस्त्री ती हात न लावता परत पाठवतात; हा अनुभव माझ्या एका ओळखीच्या गाडीमालकाने घेतला आहे.

सेवा केंद्राला मी मोजमापांचे फोटो दाखवले. जॉब कार्डावर “बाहेर दुरुस्ती केली” अशी नोंद त्यांनी तत्परतेने केली, नोजलांचे अंदाजपत्रक मागे घेतले आणि कोड पुसून दिले. त्यांतला एकही परत आलेला नाही.

दोन हजार किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींनी पुन्हा बोलावले होते, बिनपैशाचे. दुसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी उचलताना अजून किंचित कंप येतो, ही तक्रार मामांनी तेव्हा केली. मिस्त्रींनी बाजूला बसून गाडी टर्मिनलला एक फेरी मारून आणली आणि हा कंप क्लच प्लेटचा आहे, वायरिंगचा नाही, ते काम माझे नाही, असे सांगून टाकले. मग वाकून चेसिसवरचा बोल्ट पाहिला. आवळल्यावर त्यांनी बोल्टवरून चेसिसवर ओढलेली पिवळ्या रंगाची रेघ तशीच सरळ होती.